दोन्ही टोकांना पिना

त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. उभा जन्म वायरमनच्या धंद्यात गेला हे एक कारण, आणि कुठेही, कशावरही, कुणावरही क्षणात उडायचा हे दुसरं. दुसरंच जास्त खरं. दुकानात कुणी येऊन "काका, मिक्सर चालत नाही" म्हणालं की हा मिक्सरकडे न बघता माणसाकडे बघायचा आणि म्हणायचा, "मिक्सर ठीक आहे हो. चालवणाऱ्याचं डोकं बंद पडलंय." तरी गिऱ्हाइकं यायची. काम चोख होतं आणि शिव्या फुकट होत्या.

अशा माणसाच्या नशिबी दोन दिवस काढायचे आले कुठे, तर जुन्या कॅम्पर गाड्यांच्या मेळाव्यात! आत पलंग, शेगडी, इवलंसं बेसिन असलेल्या त्या फुगीर नाकाच्या गाड्या. ज्या वयात गाडीने भंगारात जाऊन सुखाने विसावा घ्यायचा, त्या वयात या लोकांनी तिला रंग फासून, फुलाफुलांचे पडदे लावून मैदानात आणून उभी केली होती. आणि प्रत्येक गाडीसमोर घडीच्या खुर्चीत तिचा मालक बसलेला, जणू गाडी यानेच पोटातून काढलीय.

त्यांच्या क्लबचा एक मोठा नियम होता. गाडीच्या अंगाला नवं भोक पाडायचं नाही. कारखान्यातून निघताना जेवढी भोकं होती तेवढीच. एक जास्त दिसलं की गाडी स्पर्धेतून बाद आणि मालक नजरेतून. बरं, मग जुन्या माणसांसारखं कंदील लावून बसा की! तर तेही नाही. आत फ्रिज हवा, किटली हवी, पंखा हवा, केस वाळवायचं यंत्र हवं. वीज तर हवी, पण ती आत शिरली कुठून ते दिसता कामा नये. एकाने वायर खिडकीच्या फटीतून घेतली होती, दुसऱ्याने बेसिनच्या पाण्याच्या नळीतून. एका बाईंनी वायर दारातून आत घेतली होती आणि वर दार धाडकन लावलं होतं. चेंगरून वायरीची पट्टी झाली होती. त्या बाईंनी फ्यूजला हसून हात केला. फ्यूजने मान फिरवली. नाकाने कांदे सोलणाऱ्या लोकांना नमस्कार करायची त्याला सवय नव्हती.

पण तो बोलला नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

त्याचं असं झालं. फ्यूजला एकच लेक. तिने लग्न केलं फर्निचर बनवणाऱ्याशी. सासऱ्याने पहिल्याच दिवशी जावयाचं नाव ठेवलं, भुसा. म्हणजे तोंडावर नाही. तोंडावर तो "जावईबापू" म्हणायचा, पण असं लांबवून म्हणायचा की त्यापेक्षा भुसा बरं. जावयाने घरी पलंग केला, फ्यूज म्हणाला, मोडेल आणि मान जाईल. जावयाने माळ्यावर जायला शिडी केली, फ्यूज म्हणाला, ही शिडी नव्हे, सरणाची सोय आहे. कपाट अंगावर पडणार होतं, शेगडीचा भडका उडणार होता, पाळणा अजून व्हायचा होता तरी तुटणार होता. शेवटी एकदा जेवताना लेक ताटावरून उठली आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. त्यानंतर कित्येक महिने तिचा फोन आईलाच यायचा, आणि बाबा पलीकडून "कोण आहे गं?" असं विचारेपर्यंत तो बंद व्हायचा.

आता ती दोघं शहर सोडून निघाली होती. जावयाला लांबलांबच्या घरांची लाकूडकामं मिळाली होती, आणि वर्षभर ती दोघं, जावयाने दुरुस्त करून या मेळाव्यात उतरवलेल्या, एका जुन्या कॅम्परमध्येच राहणार होती. फ्यूजच्या बायकोने लेकीचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "जायच्या आधी दोन दिवस आम्हाला बरोबर ने गं. असं तोंड फिरवून जाऊ नकोस." लेक म्हणाली, "नेते. पण बाबांनी गाडीबद्दल एक शब्द काढायचा नाही. एक जरी काढला तरी मी दोघांना बसस्टॉपवर सोडीन, आणि मग विषय संपला." बायकोने फ्यूजला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी काय लहान आहे?" बायको म्हणाली, "लहान असता तर दोन धपाटे घातले असते."

फ्यूज आला तो असा, तोंडाला कुलूप लावून.

पहिला दिवस बरा गेला. मैदानाच्या कडेने विजेचे बुटके खांब होते. प्रत्येक खांबावर सॉकेट, स्विच, आणि माणसाला झटका बसायला लागला तर लाइन तोडणारं एक यंत्र. त्या यंत्राला तपासायचं छोटं बटण असतं. दाबलं की खटका पडायला हवा. फ्यूजने सवयीने आपल्या खांबाचं बटण दाबलं. खटका ढिम्म. पुन्हा दाबलं. काही नाही.

"ओ, ते बटण दाबू नका," मैदानाचा रखवालदार लांबून ओरडला. "लाइट जाते."

"अहो, जात नाही हेच तर दुखणं आहे!"

"मग चांगलंच आहे की," रखवालदार म्हणाला आणि विडी ओढायला निघून गेला. फ्यूजने कपाळावर हात मारला. पण खांब म्हणजे गाडी नव्हे, म्हणून करार मोडला नव्हता.

मग लेक वायरीचं वेटोळं घेऊन आली.

गाडीच्या कुशीत एक गोल तोंड होतं. पूर्वी तिथून टाकीत पाणी भरायचे. जावयाने त्या तोंडात एक काळं जाडजूड सॉकेट बसवलं होतं, जुन्या घरांच्या भिंतीवर असायचं तसलं. भोवती शिसवी लाकडाची कड. दिसायला असं की वाटावं कारखान्यातूनच असं आलंय. नवं भोक नाही, नवं प्लॅस्टिक नाही. क्लबचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात शिटी अडकवलेले, सकाळीच येऊन त्यावर हात फिरवून गेले होते. "वा! याला म्हणतात जुन्याचा मान!"

लेकीने वायरीचं एक टोक हातात घेतलं. त्याला पितळी पिनांचा प्लग. तो गाडीच्या सॉकेटमध्ये खुपसला. मग दुसरं टोक घेऊन ती खांबाकडे गेली. त्यालाही पितळी पिनांचा प्लग. तो खांबात खुपसला आणि गाडीत दिवा लागला.

फ्यूज दोन पावलं पुढे आला.

वीज जिकडून येते तिकडे भोकं, आणि जिकडे जाते तिकडे पिना. हे या धंद्यात पहिल्या दिवशी सांगतात, कारण जे पहिल्या दिवशी शिकत नाहीत ते दुसऱ्या दिवशी येत नाहीत. गाडीवर पिना हव्यात आणि वायरीच्या टोकाला भोकं. इथे सगळं उलटं. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना. म्हणजे खांबात एक टोक असताना दुसरं टोक गाडीतून निघालं, की हातात राहतात त्या उघड्या पितळी पिना, ज्यांत सगळ्या शहराची वीज आहे. आणि ज्या खांबाला खटकाच पडत नाही, तो खांब वाचवणार नाही.

वायरीला एक लाकडी बिल्ला लटकवला होता. त्यावर सुबक कोरलेलं होतं: 'लावताना आधी गाडी. काढताना आधी खांब.' वरून वॉर्निश. वॉर्निश! माणूस मरायचं ठिकाण आणि त्याला चकाकी!

फ्यूजने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. लेक त्याच्याकडेच बघत होती, वाट बघत असल्यासारखी. फ्यूजने तोंड मिटलं. माझ्या पोरीला वाचता येतं, तो स्वतःला म्हणाला, लिहिलंय तसं करील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर पाणी मारलं, धूळ उडू नये म्हणून. गवत भिजून चिंब. आणि अध्यक्षांनी शिटी फुंकली. "सगळ्या गाड्या रांगेत घ्या! परीक्षक आले! लवकर, लवकर!" जावई स्टिअरिंगवर बसला. त्याने गाडी सुरू केली आणि खिडकीतून ओरडला, "वायर काढ गं!" लेक धावली. गाडी जवळ होती, खांब लांब होता. तिने गाडीतलं टोक उपसलं आणि गवतावर टाकलं.

पिना वर करून ते टोक ओल्या गवतात पडलं, तिच्या उघड्या पायापासून हातभर अंतरावर.

फ्यूज धावला. या वयात माणूस धावतो म्हणजे काय, तर धडपडतो. पण तो खांबापाशी पोहोचला, स्विच बंद केला आणि खांबाला धरून धापा टाकत उभा राहिला. मग जे तोंड दोन दिवस बंद होतं ते उघडलं.

"अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी? कुणी शिकवलं हे? अहो जावईबापू, खाली उतरा! बायको मारायची असेल तर सरळ गळा दाबा, वीज कशाला जाळता!"

सगळ्या मैदानाने माना वळवल्या. मग कुणीतरी हसलं. दारात वायर चेंगरणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "अहो काका, झालं का काही? नाही ना?" अध्यक्ष म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी. गाडी पुढे घ्या."

"तारायला देवाने मला पाठवलंय!" फ्यूज ओरडला. "आणि माझी वेळ कधीतरी चुकेल!"

लेकीचा चेहरा उतरला होता. तिनेही पिना बघितल्या होत्या. पण बापाच्या आवाजाने तो उतरलेला चेहरा परत कडक झाला. "बाबा," ती म्हणाली, "काय ठरलं होतं?"

"अगं, खड्ड्यात गेलं ठरलेलं! ही वायर तुझा जीव घेईल."

"पलंगही घेणार होता." ती शांतपणे बोलत होती, आणि ते जास्त वाईट होतं. "शिडी घेणार होती. कपाट घेणार होतं. तुमच्या मते आमच्या घरातली एकेक वस्तू आमच्या जिवावर उठली होती. आम्ही तर जिवंत आहोत. लांडगा आला, लांडगा आला, किती वेळा, बाबा?"

"या वेळी खरंच आलाय!"

"तुम्ही दर वेळी असंच म्हणता."

खोटं नव्हतं ते. म्हणत होताच तो. त्याने बायकोकडे बघितलं. जन्मभर त्याची बाजू सावरणारी बायको जमिनीकडे बघत होती. म्हणजे तिलाही ठाऊक नव्हतं, हा खरं बोलतोय की नेहमीचंच.

फ्यूजने खिशातली पक्कड काढली, वायर उचलली आणि मधोमध कापून टाकली. वाद संपला. वायरीचे दोन तुकडे, एक बिल्ला.

जावई गाडीतून उतरला. तो कधी आवाज चढवायचा नाही, फ्यूजला त्याचाही राग यायचा. त्याने मागचं दार उघडलं, बाकाखालचा खण ओढला आणि आतून दुसरी वायर काढली. तशीच. दोन्ही टोकांना पितळी पिना. वर्षभराचा प्रवास, म्हणून भल्या माणसाने जोडी करून ठेवली होती.

"आई, तुम्ही दोघं सामान भरा," लेक म्हणाली. तिचा आवाज आता फाटला होता. "मी सोडते बसस्टॉपवर."

फ्यूजने पक्कड खाली केली. किती कापणार? हा माणूस तिसरी करील, चौथी करील, कसब आहे त्याच्या हातात. आणि वर्षभर, कुठल्या कुठे, पावसात, घाईत, झोपेत, ही पोरगी ते टोक कधी ना कधी चुकीच्या क्रमाने उपसणार. त्या वेळी खांबापाशी धडपडायला कुणी नसेल. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "जावईबापू, ऐका माझं. पाया पडतो."

मागून हशा पिकला. अध्यक्षही हसले. जावईबापू आणि पाया पडतो! टोमणा मारायला म्हातारा पटाईत आहे हे आता सगळ्या मैदानाला कळलं होतं. लेकीने डोळे मिटले. "बास ना, बाबा."

तेव्हा फ्यूजला कळलं की आपल्याजवळ चांगला म्हणावा असा एक शब्द उरलेला नाही. सगळे आपणच उष्टे करून ठेवलेत. शिवी दिली तर सवयीची, आर्जव केलं तर नाटक. त्याची त्यालाच किळस आली.

"मी काय केलं म्हणजे तुझा विश्वास बसेल?" त्याने लेकीला विचारलं.

"त्याच्याबद्दल एक चांगलं बोला." ती रडत होती आता. "एक. खरं खरं. तेवढं जमलं तर वायरीचंही खरं मानीन."

फ्यूजने पक्कड खिशात घातली, परत बाहेर काढली. लोकांना वाटलं, जमत नाही याला. मग तो बोलला, पण जावयाकडे बघून नाही, गाडीच्या चाकाकडे बघून, आणि नेहमीच्याच खेकसत्या आवाजात, कारण दुसरा त्याच्याकडे नव्हता.

"तो खण. आत्ता वायर काढली तो. काल तुम्ही फिरायला गेलात तेव्हा मी तो ओढून बघितला. एक खिळा नाही त्यात. लाकडात लाकूड असं बसवलंय की नख शिरत नाही. आत ढकलला की शेवटच्या बोटभर अंतरात आपोआप सावकाश जातो, आतली हवा दबते म्हणून. असं काम मी दुसरीकडे बघितलेलं नाही. ओढत काय बसलो, ढकलत काय बसलो, हिची आई आली म्हणून थांबलो." त्याने नाक पुसलं. "ज्याला एवढं कळतं त्याने ही वायर केली म्हणून मी पेटलो. गाढवाने केली असती तर एवढा पेटलो नसतो."

कुणी हसलं नाही. फ्यूजची बायको म्हणाली, "खरं आहे. मी बघितलं. लहान मुलासारखे बसले होते तिथे." आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

जावई हातातल्या वायरीकडे बघत होता. "काय चुकलंय नेमकं?" त्याने विचारलं.

फ्यूजने सांगितलं. कुठे पिना हव्यात, कुठे भोकं, का हव्यात. मध्ये एकदाही "अहो, साधी गोष्ट आहे" म्हणाला नाही. मग खांबातला कापलेला तुकडा उपसला, स्विच चालू केला आणि खिशातला टेस्टर खांबाच्या सॉकेटला लावून दाखवला. छोटा दिवा लागला. "हे इथे भोकात आहे, खोल आहे. तुमच्या वायरीने हेच बाहेर येतं, उघड्यावर, तिच्या हातात." जावई त्या लाल दिव्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. त्याने लेकीचा हात धरला, घट्ट.

"तुम्हाला विचारायला आलो होतो मी," तो म्हणाला.

"कधी?"

"सॉकेट बसवायच्या आधी. दुकानाच्या दारापर्यंत आलो होतो, सॉकेट हातात घेऊन. म्हटलं, हे असं चालेल का ते बाबांनाच विचारू. तुम्ही आत गिऱ्हाइकांना सांगत होतात, मी आमच्या दाराची बेल कशी उलटी जोडली होती ते. माझा आवाज काढून सांगत होतात. सगळे पोट धरून हसत होते. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग घरी जाऊन माझ्या मनाने केलं."

फ्यूजला तो किस्सा आठवला. फार रंगवून सांगायचा तो. मागच्या आठवड्यातही सांगितला होता, आणि गिऱ्हाईक हसून हसून चहा सांडेपर्यंत थांबला नव्हता. ही वायर त्या दिवशी त्याच्याच दुकानात तयार झाली होती. लेकीच्या पायाशी जी पडली होती, ती.

जावयाने नवी वायर खणात ठेवली नाही, कापलेल्या तुकड्यांवर टाकली. गाडीतून बॅटरीवरचं ड्रिल आणलं. अध्यक्षांच्या तोंडातली शिटी गळून पडली. "अहो, काय करताय? नवं भोक? बाद व्हाल! पहिल्या नंबरची गाडी आहे ही!"

"होऊ दे बाद," लेक म्हणाली.

"सांगा, कुठे पाडू," जावयाने सासऱ्याला विचारलं.

फ्यूजने गाडीच्या अंगावर बोट ठेवलं. "इथे. मागच्या चाकाच्या वर. पाणी उडून पोहोचणार नाही एवढं वर. आत पिना असलेलं झाकणाचं तोंड मिळतं, ते मी आणून देतो. आणि..."

त्याच्या 'आणि'नंतर नेहमी काहीतरी यायचं. लेक थांबली होती, आता काय निघतं म्हणून. बायकोचा हातही चिमट्यासाठी पुढे आला होता.

"आणि पुढे कुठे काही अडलं तर मला विचारा," फ्यूज म्हणाला. "मी हसणार नाही."

 जावयाने त्या जागेवर पेन्सिलीने खूण केली, मग ड्रिलला गोल पातं लावायला लागला.

"बघू," तो म्हणाला.